कवळीवाल्याची मुलगी दात घासते

बाथरूमचं दार आतून लावलेलं होतं आणि भिंगरी ते बाहेरून बडवत होती.

"बाबा, आत काय करतोयस?"

"दात घासतोय."

"मग दार कशाला लावलंस?"

आतला नळ एकदम मोठा सुटला.

भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण जन्मल्यापासून ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती, त्यामुळे तेच चिकटलं. वय वर्षं सहा. तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. पण त्याच तोंडात सकाळी ब्रश घालायचा म्हटलं की बाईसाहेबांची दातखिळी बसायची. आजवर आईच तिचे दात घासून द्यायची. पण आई बसची ड्रायव्हर, आणि आता तिला पहाटेची पहिली गाडी मिळाली होती. घर झोपेत असताना ती निघून जायची. जाण्याआधी तिने नवऱ्याला बजावलं होतं, "सकाळ आता तुझी. आणि तिचे दात तू घासून द्यायचे नाहीत, तिला घासायला शिकवायचं. शेवटी एक हात फिरव हवा तर. पण घासू दे तिचं तिला."

नवरा हो म्हणाला होता. हो म्हणायला काय जातं?

आणि आता हा हो म्हणणारा बाथरूमच्या आत, बेसिनवर वाकून, एका हातात वरची कवळी आणि दुसऱ्या हातात मऊ ब्रश घेऊन उभा होता. खालची कवळी बेसिनमधल्या पाण्यात पडली होती. या माणसाच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकही दात नव्हता. बायकोला ते माहीत होतं. लेकीला माहीत नव्हतं, आणि तिला ते कधीही कळू नये यासाठी तो जिवाचा आटापिटा करत होता.

बरं, माणूस धंद्याने कोण? तर कवळीवाला! घराखालच्याच खोलीत त्याचं काम चालायचं. मेण, प्लास्टर, साचे, पॉलिशचं यंत्र आणि ट्रेमध्ये रंगांप्रमाणे लावून ठेवलेले दात. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, हा त्यावरून कवळ्या करायचा. हात असा की म्हाताऱ्यांना आपले गेलेले दात परत भेटल्यासारखं वाटायचं. गिऱ्हाइकं त्याच्या हसण्याकडे बघत म्हणायची, "आम्हाला तुमच्यासारखे दात करून द्या हो." तो नम्रपणे म्हणायचा, "बघतो, जमतंय का." न जमायला काय झालं? त्यानेच तर केले होते. वरच्या रांगेत डावीकडचा एक दात त्याने मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, कारण सगळे दात सरळ बसवले की कवळी स्वतःच बोंबलून सांगते की मी कवळी आहे. असले डावपेच त्याला पक्के ठाऊक.

भिंगरीला तर तो वाकडा दात फारच आवडायचा. तिचा पुढचा एक दुधाचा दात नुकताच पडला होता. रिकाम्या जागेवर जीभ फिरवत ती विचारायची, "बाबा, इथे येईल तो तुझ्यासारखा वाकडा येईल ना?"

"आईसारखा येईल. सरळ."

"नको. मला तुझ्यासारखाच हवा."

अशा वेळी कवळीवाल्याला आपली खालची कवळी जास्तच टोचायची.

त्याचे दात गेले त्याची गोष्ट अशी. त्याच्या आईवडिलांचा गोळ्या-पेपरमिंटचा छोटासा कारखाना होता. पाक उकळायची कढई दिवसभर चुलीवर, आणि दोघंही दिवसभर त्या कढईवर. पोराचे खिसे गोळ्यांनी भरलेले. सकाळी खळाखळा चूळ भरली की सुटला शाळेला. दात दुखला तर लवंगेच्या चवीची गोळी मिळायची, म्हणजे आगीत तेल. आईवडील वाईट नव्हते, फक्त त्यांना पोराच्या तोंडात डोकावायला सवड नव्हती. मिसरूड फुटायला आणि दात जायला एकच गाठ पडली. ज्या वयात पोरं मुलींकडे बघून हसतात त्या वयात हा तोंडावर हात ठेवून बोलायचा. कवळीसाठी एका म्हाताऱ्या कारागिराकडे हेलपाटे घालता घालता तिथेच चिकटला आणि धंदा शिकला. आजही तो गिऱ्हाइकांना दाताच्या कण्या करून सांगायचा, की रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, हिरड्यांना विसावा द्या. आणि स्वतः मात्र रात्रभर तोंडात घालून झोपायचा. का, तर पोरगी मध्येच उठून आली तर?

म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

तर आता प्रश्न असा होता, की जो माणूस कुणासमोर दात घासू शकत नाही त्याने पोरीला दात घासायला शिकवायचं कसं. कवळीवाल्याने डोकं लढवलं. कामाच्या खोलीतून त्याने गुलाबी हिरड्यांचा, पांढऱ्याशुभ्र दातांचा एक मोठा जबडा वर आणला. नव्या गिऱ्हाइकांना समजवायला तो ठेवलेला होता.

"हे बघ. ब्रश असा धरायचा. गोल गोल. बाहेरून, आतून, मग चावायच्या बाजूने."

भिंगरी खूश. जबडा मांडीवर घेऊन तिने असा काही घासला की कवळीवाल्याच्या छातीत अभिमान मावेना. कोपरे, फटी, मागच्या दाढा, काही सोडलं नाही. मग तिने त्याला टॉवेलने पुसलं, त्याचं नाव जंबू ठेवलं, त्याला आपल्या बिस्किटाचा तुकडा भरवला आणि बिस्किट खाल्लं म्हणून पुन्हा घासलं.

"आता तुझे," कवळीवाला म्हणाला.

"माझे कशाला? जंबूचे झाले ना."

रोज सकाळी हाच प्रकार. जंबू चकचकीत, आणि भिंगरीच्या तोंडात कालच्या बिस्किटाचा चुरा. बापाने गोडीगुलाबीने सांगितलं, लालूच दाखवली, शेवटी डोळेही वटारले. पण पालथ्या घड्यावर पाणी. कधी चुकून ब्रश तोंडात गेलाच तर ती तो गालात धरून जंबूशी गप्पा मारायची. आईने संध्याकाळी विचारलं की दोघं एका सुरात म्हणायची, "घासले!" त्यातला एक सूर जरा बारीक यायचा.

अशात शाळेतून निरोप आला, की बाईंना भेटून जा.

कवळीवाला गेला. वर्ग लहान मुलांचा. एका भिंतीला बुटक्या बेसिनांची रांग, वर प्रत्येकाचा ब्रश आपापल्या कपात. डबा खाऊन झाला की सगळ्या मुलांनी दात घासायचे, अशी या शाळेची शिस्त. बाई उंच, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. पण आज त्यांच्या ओठांच्या कडा सारख्या थरथरत होत्या. हसू दाबलं की होतं तसं.

"तुमच्या मुलीने वर्गाला एक नवीन पद्धत शिकवली आहे," त्या म्हणाल्या. "दात घासायच्या आधी बेसिनला बूच लावायचं, बेसिन पाण्याने भरायचं आणि तळाला आपला रुमाल अंथरायचा. परवापासून सगळा वर्ग तेच करतोय. काल एका मुलाचा रुमाल पाइपात गेला आणि पाणी पार माझ्या टेबलापर्यंत आलं."

पाणी भरायचं, फडकं अंथरायचं, ही सगळी कवळीवाल्याचीच कर्मं. जबडा घासून दाखवताना हाताला सवय होती म्हणून त्याने आधी बेसिन भरलं, तळाला फडकं घातलं आणि मगच ब्रश उचलला. कवळी धुणारा कुठलाही शहाणा माणूस तेच करतो, हातातून निसटली तर फुटू नये म्हणून. एकदाही त्याच्या लक्षात आलं नाही, की ज्यांचे दात तोंडातच असतात त्यांना फडक्याचं काय काम.

"मी तिला विचारलं, हे कशाला?" बाई म्हणाल्या. "तर म्हणते, दात पडले तर फुटू नयेत म्हणून." आणि आता मात्र बाईंना आवरलं नाही. त्या चष्मा काढून डोळे पुसत हसल्या.

कवळीवालाही हसला. न हसून करतो काय?

"पण खरं सांगू का," बाई शांत होत म्हणाल्या, "ती घासतच नाही. एवढी तयारी करते आणि ब्रश ओठांवरून फिरवून ठेवून देते. तिने घरी कुणाला दात घासताना पाहिलेलं दिसत नाही. मुलं सांगून शिकत नाहीत हो, बघून शिकतात. सकाळी तुम्ही तिच्या शेजारी उभे राहा आणि घासा. बस. आणि तुमचे तर इतके सुंदर दात आहेत! तिला केवढा अभिमान आहे त्यांचा. वर्गात सगळ्यांना सांगत असते."

कवळीवाला "हो, नक्की, नक्की" असं पुटपुटत बाहेर पडला. दारात त्याचं कोपर आपटलं, आणि ते लागलेलंही त्याला कळलं नाही.

त्या संध्याकाळी भिंगरी त्याच्या कामाच्या खोलीत आली. तो एका साच्यात मेण ओतत होता आणि टेबलावरचा मोठा दिवा चालू होता. वर्गातलं पाणी टेबलापर्यंत कसं आलं हे ती हातवारे करून सांगत होती. सांगता सांगता तिला हसू फुटलं, तिने मान मागे टाकली, तोंड उघडलं, आणि दिव्याचा उजेड नेमका आत पडला.

खालच्या मागच्या दाढेवर एक तपकिरी ठिपका होता. तिळाएवढा.

कवळीवाल्याचा हात थांबला. मेण साच्याबाहेर सांडलं. दुसऱ्या कुणाला तो ठिपका बिस्किटाचा कण वाटला असता. याला वाटला नाही. याच्या तोंडात पहिला ठिपका ह्याच जागी आला होता. तेव्हा त्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

"आ कर बघू."

"का?"

"असंच."

तिने लगेच दोन्ही ओठ आत ओढून घेतले आणि पळाली.

तो खुर्चीवर बसून राहिला. त्याला भीती वाटली, अगदी साधी, लहान पोराला वाटते तशी. दुधाची दाढ आहे, पडेल, डॉक्टर भरून देतील, हे सगळं त्याला माहीत होतं. पण ठिपक्यामागून ठिपके कसे येतात हेही त्याच्याएवढं कुणाला माहीत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाथरूमचं दार सताड उघडं टाकलं.

"भिंगरे! ये. आज आपण दोघं मिळून दात घासू."

ती धावतच आली. इतकी खूश, की जंबूला बाहेर पलंगावरच विसरली. दोघं आरशासमोर उभी राहिली. त्याने ठरवलं होतं, की कवळ्या तोंडातच ठेवून वरवर ब्रश फिरवायचा. दाखवायचे दात आहेतच, तर दाखवू.

पण हे बोलायला सोपं. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, ती गुणी. खालचीचा काही भरवसा नाही. ब्रश लागला की ती इकडे उचलली जाते, तिकडे घसरते. म्हणून त्याने डावा अंगठा तोंडात घालून ती पुढून दाबून धरली आणि उजव्या हाताने फक्त समोरचे दात घासले. मागे ब्रश न्यायची हिंमतच झाली नाही. मागे नेला की पुढून उडी मारणार, हे ठरलेलं. पेस्टचा फेस हनुवटीवरून गळत होता. आपण एखाद्या वांड घोड्याचा लगाम धरून उभे आहोत असं त्याला वाटत होतं.

त्याने तिरक्या नजरेने आरशात पाहिलं. शेजारी भिंगरी उभी होती. डावा अंगठा तोंडात, खालचे दात घट्ट दाबून धरलेले, आणि उजव्या हाताने ती फक्त समोरचे दात घासत होती. फेस हनुवटीवरून गळत होता.

"अंगठा काढ," तो म्हणाला.

"अं अं. ऊ पण घाअलायस."

"बरं, मागे घास. दाढांना."

"ऊ आही घासत आगे."

म्हणजे, तू नाही घासत मागे. बाप आपला समोरचेच दात घासत राहिला.

मग पुढे रोज तसंच चाललं. भिंगरी आता स्वतःहून उठून बाथरूममध्ये यायची, बापाशेजारी उभी राहायची, अंगठा दाबायची आणि मन लावून समोरचे दात घासायची. समोरचे दात मोत्यासारखे झाले. शेवटचा हात फिरवायला बाप पुढे झाला की ती तोंड मिटायची. "तुझे कोण घासतं शेवटी? कोणीच नाही ना? मग माझे पण नाही." मागची दाढ तशीच राहिली. इतके दिवस ती काहीच शिकत नव्हती, ते परवडलं असतं. आता ती शिकली होती, आणि जे शिकली होती ते त्याचं खोटं होतं, अगदी जसंच्या तसं.

एका दुपारी आई पाळी संपवून आली, गणवेशाची बटणं सोडत स्वयंपाकघरात बसली. पोरगी शाळेत होती. कवळीवाल्याने बायकोला सगळं सांगितलं. ठिपका, अंगठा, सगळं. आई अंगठ्याला पोट धरून हसली. ठिपक्याला हसायची थांबली.

"डॉक्टरांकडे मी नेते तिला," ती म्हणाली. "पण ते एकदा भरतील. रोज कोण घासणार? दात काढून दाखव तिला. मोकळा हो."

"घाबरेल ती."

"मी घाबरले होते का? आपली ओळख झाली तेव्हा तुझी कवळी दुरुस्तीला होती. बोळक्या तोंडाने माझ्या बसमध्ये चढलास आणि ड्रायव्हरलाच तिकीट मागितलंस. मला वाटलं, एवढा तरुण म्हातारा!"

"तू मोठी होतीस. तिला वाटतं बाबांचे दात जगात सगळ्यात सुंदर. वाकडा दातसुद्धा हवाय तिला. उद्या म्हणेल, बाबा खोटा."

आई उठली, चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "खोटं तर बोलतोयसच की. दात पाहून कळेल किंवा दाढ किडून कळेल. बघ, कसं कळलेलं बरं."

बायको खरं बोलली की कवळीवाल्याला नेहमी राग यायचा, आणि तो राग फार टिकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी बाथरूममध्ये आली तेव्हा बाप ब्रश न घेताच उभा होता. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"आज तुला एक दाखवायचंय," तो म्हणाला. "हसू नकोस. म्हणजे हसलीस तरी चालेल. पळू नकोस फक्त."

"काय?"

बोलून काही होणार नाही हे त्याला कळलं. त्याने अंगठा वर लावला, वरची कवळी सोडवली, बाहेर काढली. मग खालची. दोन्ही बेसिनच्या कडेला ठेवल्या. गाल आत गेले, ओठ आत वळले, नाक आणि हनुवटी एकमेकांच्या जवळ आली. आरशातला तो माणूस त्याला स्वतःलाच कधी आवडला नव्हता.

भिंगरीचे डोळे मोठे झाले. तिने कवळ्यांकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. पुन्हा कवळ्यांकडे पाहिलं. तिने बोट पुढे करून त्या वाकड्या दाताला हात लावला आणि लगेच मागे घेतलं. मग ती वळली आणि बाहेर निघून गेली.

कवळीवाला तिथेच उभा राहिला. संपलं, त्याला वाटलं. हिच्या मनातून उतरलो. कवळ्या उचलून परत घालाव्यात म्हणून त्याने हात पुढे केला, पण मध्येच तो मागे घेतला.

बाहेर काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. भिंगरी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणत होती. तिने ते बापासमोर टेकवलं, वर चढली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"आ कर."

त्याने आ केला.

"अजून."

ती आत डोकावली. उजवीकडून, डावीकडून. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "कुठे गेले?"

"किडले. मग काढले." दात नसले की शब्द ओले येतात. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"सगळे?"

"सगळे."

"दुखलं?"

"खूप."

"तुझे कोण घासून द्यायचं?"

"कोणी नाही."

"आजी?"

"ती कामात असायची. आजोबापण."

"मग तू तुझे घासायचे ना."

"मला कुणी दाखवलंच नव्हतं, बाळा. कसं घासतात ते."

भिंगरीच्या कपाळावर आठी पडली. हे तिला काही केल्या पटलेलं दिसत नव्हतं. तिने बेसिनजवळचा त्याचा मऊ ब्रश उचलला, नळाखाली ओला केला, आणि दुसऱ्या हाताने बापाची हनुवटी धरली. आई तिची धरायची तशीच, घट्ट.

"हलू नकोस," ती म्हणाली. "मी दाखवते."

आणि तिने त्याच्या रिकाम्या हिरड्यांवरून ब्रश फिरवायला सुरुवात केली. गोल गोल. बाहेरून, आतून. गाल बोटाने बाजूला करून ती पार मागे गेली, जिथे आता काहीच नव्हतं तिथपर्यंत, आणि तिथेही तिने दोनदा फिरवला, मनापासून. दुखू नये म्हणून ती श्वास रोखून घासत होती. कवळीवाल्याच्या डोळ्यांना धार लागली. त्याच्या उभ्या आयुष्यात असं त्याची हनुवटी धरून कुणी त्याच्या तोंडात बघितलं नव्हतं. आईनेही नाही. त्याला फार बरं वाटत होतं आणि फार वाईट वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि तोंड उघडं असल्यामुळे त्यातलं काहीच बोलता येत नव्हतं.

"आता थुंक," ती म्हणाली.

तो थुंकला.

"आता माझे. तू नुसतं बघ."

ती स्टुलावरच आरशाकडे वळली. आपल्या ब्रशवर पेस्ट घेतली, तोंड उघडलं आणि बापाच्या तोंडात वाट सापडली होती तीच वाट धरून थेट मागे शिरली. अंगठा कुठेच नव्हता. ब्रश तपकिरी ठिपक्याच्या दाढेवर गेला, गोल गोल फिरला आणि तिथून हलायचं नावच घेईना. "घाशलं ना?" तिने फेसातून विचारलं. बापाला "हो" म्हणायचं होतं, पण त्या बोळक्या तोंडाला आधी हसूच फुटलं, तोंडावर हात न ठेवता, दार उघडं असताना, सगळ्या हिरड्या दिसतील असं. ते बघून तिलाही राहवलं नाही, आणि सगळा फेस आरशावर उडाला.